पाटीची खोळ

॥ श्री ॥

१४ जून १९८३

वन्सं,

पत्राला उशीर झाला, रागावू नका. सध्या जेवणाच्या टेबलावर ‘शाळेची पाटी’ पसरली आहे आणि आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत.

तुमच्या दादांनी केलेला हा तिसरा कॉम्प्युटर, म्हणजे तिसरी पाटी. पहिली तुम्ही पाहिली आहे, लाकडी खोक्यात सुटे भाग यायचे आणि घेणाऱ्यानं आपल्या हातानं डाग देऊन जोडायची. दहांतल्या सहाजणांची सुरूच व्हायची नाही, आणि ते सहाही आमच्या दारात. मग ‘घरची पाटी’ आली. ती टीव्हीला जोडायची, धडे टेपरेकॉर्डरवरून भरायचे. भरताना टेप अशी किंचाळायची की शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणाला विंचू चावला का. बटणं रबरी, खोडरबर दाबल्यासारखं वाटायचं. आता या शाळेच्या पाटीला खरी, कडक बटणं आहेत. शिक्षणखात्यानं दोनशे बारा शाळांसाठी घेतली आहे. यादीत तुमच्या शाळेचं नाव मी स्वतः पाहिलं, तेव्हा देवाजवळ साखर ठेवली.

माझंही एक काम असतं. पाटीबरोबर जे माहितीपुस्तक जातं ते आधी मला वाचायला देतात. मी वाचून तसं तसं करायचं आणि जिथे अडेन तिथे हे पेन्सिलीनं खूण करतात. मॅट्रिक झालेल्या बाईला कळलं तर सगळ्यांना कळेल, असं कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगून आलेत. ही स्तुती की टिंगल ते मी विचारलं नाही. या खेपेला चौथ्या पानावर अडले. ‘पृष्ठभागी असलेल्या उष्णता-निर्गम खाचा अबाधित राखाव्यात.’ मी म्हटलं, “अहो, हे काय आहे?”

“अगं, तिला मागून श्वास घेऊ द्यायचा. आतला भाग तापतो. ती गरम हवा बाहेर नाही गेली तर जळेल ती.”

“मग तसंच लिहा की.”

“कंपनीच्या पुस्तकात असं लिहीत नाहीत.”

बरं. मुद्दा असा की या पत्राबरोबर एक पुडकं येईल. त्यात तुमच्या शाळेच्या पाटीसाठी खोळ आहे. माझ्या घरात वस्तू उघडी राहिलेली मला चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. रेडिओला खोळ, शिवणयंत्राला खोळ, तुमचे दादा म्हणतात एक दिवस मलाही घालशील. बैठकीचा जुना पडदा होता, मधे विरला होता पण कडा धड होत्या, त्यातच दोन निघाल्या. एक आमच्या टेबलावरच्या पाटीला, एक तुमची. आमच्याकडे रीत अशी, की काम झालं, वायर काढली, हात लावून गार झालीय का बघितलं, की मग खोळ. सकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की मी खोळ काढते. मगच हे बटण लावतात.

मुलांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची वहिनी


२ जुलै १९८३

ती. वहिनीस सा. न.

खोळ पोचली. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “एवढी सरळ टीप हल्ली दुकानातसुद्धा मिळत नाही.” तू समोर असतीस तर लाजून स्वयंपाकघरात गेली असतीस.

दादाची पाटी वाचनालयाच्या खोलीत ठेवली आहे. बाई तिला ‘पाहुणे’ म्हणतात. पाहुण्यांच्या खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला, माहितीपुस्तक बाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप. हरवलं तर खात्याला काय उत्तर देऊ, म्हणतात. मला पहिल्या दिवशी अर्धा तास वाचायला मिळालं, त्यात मी गुणाकाराचा खेळ कसा भरायचा तेवढं उतरवून घेतलं. वर्गात बेचाळीस मुलं, प्रत्येकाला दोन मिनिटं. उत्तर चुकलं की पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं आणि घंटी वाजते. त्या घंटीसाठी सगळी कार्टी मुद्दाम चुकतात. सात त्रिक एकवीस हे ज्यांना झोपेत येतं ती आता सात त्रिक नव्वद म्हणतायत. दादाला सांग, असं यंत्र पुन्हा बनवू नकोस.

आणि दादाच्या त्या मागच्या खाचा! त्यांतून काय काय आत जातं म्हणशील! खडूचे तुकडे, पेन्सिलीचं टोक. एका मुलीनं तर चिठ्ठी टाकली, ‘मला दोन मिनिटं पुरत नाहीत’. पत्रपेटी समजली असेल. मी डोक्याला हात लावला. मग तुझ्या खोळीचा उपयोग केला. रागावू नकोस, समोरून थोडी कापली. बटणांपुरती खिडकी ठेवली आणि कडेनं निळा गोट लावला. मुलांना बटणं दिसायला हवीत ना. बाकी सगळं अंग झाकलेलं, बोट जायला जागा नाही. इतकं छान झालंय की कंपनीची जी पत्रिका सगळ्या शाळांना येते, तिला मी मापं काढून नमुना पाठवून दिला. नाव तुझंच घातलंय. ‘पाटीच्या निर्मात्याच्या घरची खोळ’. छापून आलं तर मला मिठाई हवी.

गुडघा बरा आहे. तेल संपलंय.

तुझी नणंद


॥ श्री ॥

२० ऑगस्ट १९८३

वन्सं,

छापून आलं! अख्खं पान! मापं, बाण, टिंबांच्या रेषा सगळं. मी ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. पीठ काढायला उघडलं की दिसतं.

तुमच्या दादांना कात्रण दाखवलं तेव्हा ते पुढच्या ‘मोठ्या पाटी’च्या कागदांत बुडालेले. मान वर न करता “वा” म्हणाले. मी म्हटलं, “बघा तरी.” “बघितलं ना, वा.” असो. मोठ्या साहेबांच्या पत्नीचा निरोप आला की दुसऱ्या गावच्या एका शाळेनं शिवणाच्या तासाला सगळ्या मुलींकडून एकेक शिवून घेतली आणि त्यांतली सर्वांत चांगली पाटीवर घातली. मला रात्री झोप लागेना, इतका आनंद. आयुष्यात माझं काही छापून आलं नव्हतं, लग्नपत्रिका सोडून.

ती खिडकी कशाला ते आधी कळलं नव्हतं, कारण सुरू करताना खोळ काढायचीच असते. मग आठवलं की पुस्तकातला पहिला धडा यंत्र बंद ठेवून बटणं ओळखण्याचा आहे. त्यासाठीच असणार. तुम्ही हुशार आहात, मला सुचलं नसतं.

तेल आणि मिठाई दोन्ही पाठवते आहे. एका डब्यात नाहीत, घाबरू नका.

तुमची वहिनी


९ नोव्हेंबर १९८३

ती. वहिनीस सा. न.

घाईत लिहिते आहे. पाहुणे आजारी पडले. गेल्या सोमवारी खेळ चालू असताना पडदा एकदम पांढरा झाला, मग काहीच नाही. करपल्यासारखा वास आला. मुलं रडायला लागली, प्रत्येकाला वाटलं आपल्याच बोटानं झालं. खात्याचा माणूस येऊन पाटी घेऊन गेला. दुसरी मिळेल म्हणाला, हमी आहे. शेजारच्या शाळेचीही गेली आहे. तिसरी एक धुगधुगीवर आहे.

खोळ मी घडी करून माझ्या खणात ठेवली आहे, तिची काळजी करू नको. मुलींनी शिवलेल्या खोळीही सगळ्या शाळा तशाच जपून ठेवतात, यंत्राबरोबर कोण देणार. दादाला विचार, असं का होतंय. त्याच्या हातची वस्तू कधी मोडत नाही. आईचं घड्याळ त्यानं बारा वर्षांचा असताना दुरुस्त केलंय, ते अजून माझ्या भिंतीवर चालू आहे.

तुझी नणंद


॥ श्री ॥

१८ जानेवारी १९८४

वन्सं,

तुम्ही विचारलंत आणि मला दोन महिने उत्तर सुचलं नाही, कारण त्यांनाही सुचत नाहीये.

एकूण सत्तर पाट्या परत आल्या आहेत. रोज ट्रक येतो. कारखान्याच्या जिन्याखाली खोकी रचली आहेत, मी डबा द्यायला गेले तेव्हा पाहिली. प्रत्येकीत मागच्या बाजूचा एकच भाग जळलेला. हे तो भाग बदलतात, पाटी टेबलावर चालू ठेवतात, आठ आठ दिवस अखंड चालू, काही होत नाही. मग ती शाळेत जाते आणि महिन्याभरात पुन्हा जिन्याखाली. हे म्हणतात, “इथे चालते आणि तिथे मरते. हवेत फरक आहे का? विजेत फरक आहे का?” दोन शाळांत जाऊन वीज मोजून आले. जाताना कळवून गेले होते, म्हणून शाळांनी खोली झाडून, टेबल पुसून, पाटी उघडी लखलखीत मांडून ठेवली होती. पाहुण्यांसमोर ठेवतात तशी. यांच्यासमोर दिवसभर चालली.

मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमच्या पाटीला शाळेत जायचा कंटाळा आहे वाटतं.” सगळे हसले. यांनीही हसून दाखवलं म्हणे. घरी येऊन आमच्या टेबलावरच्या पाटीच्या पाठीवर तळहात ठेवून बसून राहतात, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. परवा मी म्हटलं, “अहो, देवावर सोडा.” तर म्हणाले, “देवानं आकृती काढली नव्हती, मी काढली होती.” असं ते कधी बोलत नाहीत.

मार्चअखेर कारण सापडलं नाही तर खातं ऑर्डर मोडणार. मग मोठी पाटी नाही, कारखाना नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे की दोष आकृतीत निघाला तर पहिली सही यांची, राजीनाम्यावर.

मी अकरा हजार जप बोलले आहे. आणखी मला काय येतं? तुम्ही शाळेत रोज पाटीजवळ असता. तुम्हाला काही वेगळं दिसलं तर कळवा. बारीकसंसुद्धा. मला कळणार नाही, पण मी यांना वाचून दाखवीन.

तुमची वहिनी


३ फेब्रुवारी १९८४

ती. वहिनीस सा. न.

दादाला ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकलं आहे. यंत्राबद्दलच आहे, म्हणून तिकडे. तू काळजी करू नको. जेव, झोप. सध्या परीक्षा आहेत, जास्त लिहीत नाही.

नणंद


॥ श्री ॥

११ मार्च १९८४

वन्सं,

तुमच्या मागच्या पत्रात चार ओळी होत्या. मी मोजत नाही, पण होत्या. ‘तुझी’ लिहायचंही विसरलात. सत्तर पाट्या जळाल्या म्हणून तुमच्याही मनात दादांबद्दल किंतु आला असेल तर मला सांगू नका. एवढंच मागणं आहे. घरातलं एक माणूस तरी त्यांच्या बाजूला आहे असं मला वाटत राहू द्या.

पण आज चांगलं लिहायचं आहे. तुमचं पत्र मिळाल्यापासून ते सावरलेत. काय लिहिलंत ते सांगत नाहीत. विचारलं तर “तुझ्या वन्संनी धीर दिला” एवढंच. पण पाटीच्या पाठीवर हात ठेवून बसणं थांबलं. दर रविवारी सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसतात आणि शाळांना पत्रं लिहितात. स्वतःच्या हातानं, दोनशे बारा. पत्रिका साहेबांनी डिसेंबरातच बंद केली, म्हणून एकेकाला लिहायचं. मी विचारलं, “टाइप करून घ्या ना ऑफिसात.” “नको, हे घरचं आहे.” “काय लिहिता एवढं?” “विचारपूस.”

पाकिटं बंद करून टाकायचं काम माझं. शाळांची यादी मी वहीत उतरवून घेतली आहे, पत्र गेलं की नावापुढे खूण. आणि वन्सं, इथे मी एक गंमत केली आहे, यांना माहीत नाही. जे यंत्र वरचेवर आजारी पडतं त्याला जास्त जपायला हवं, नाही का? थंडीवाऱ्यात काही होत असेल, धूळ जात असेल. म्हणून मी खोळीचा नवा नमुना काढला. आतून कापसाचा थर, त्यावर अस्तर, मागून खालपर्यंत येणारी झालर आणि दोन नाड्या. तुमची खिडकी ठेवली, ती सगळ्यांना आवडली होती. कार्बन घालून एका वेळी तीन निघतात. दुपारी बसून सगळे काढले आणि यांच्या पत्राबरोबर प्रत्येक पाकिटात एकेक घडी घातली. खाली लिहिलं, ‘निर्मात्याच्या घरून, प्रेमपूर्वक’. यांचं पत्र मी वाचलं नाही. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही ही वडिलांची शिकवण, नवऱ्याचा झाला तरी. शेवटी एक कार्बन फाटला म्हणून एका पाकिटात नमुना गेला नाही. दोनशे अकरांत गेला.

शाळांनी एवढी माया पाहिली म्हणजे खात्याकडे दोन शब्द चांगले घालतील. मला आत कुठेतरी वाटतंय की आता होईल नीट.

तुमची वहिनी


२४ मार्च १९८४

वहिनी,

हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव. मी दादाला शब्द दिला होता, तो मोडते आहे, कारण तुझं पाकीट आमच्या शाळेत आलं आणि बाईंनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “हे काय? भाऊ म्हणतो काढा, वहिनी म्हणते घाला.”

जानेवारीत तू लिहिलंस ना, बारीकसंसुद्धा कळवा, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पाटीजवळ गेले. बदलून आलेली पाटी होती. खेळ चालू, खिडकीतून मुलांची बोटं चालू, वरून आपली खोळ. मी खोळीखाली हात घातला. वहिनी, इस्त्री असावी तशी. अस्तर तपकिरी झालं होतं. तेव्हा कळलं. आम्ही खोळ कधी काढतच नव्हतो. सकाळी बटण लावायचं ते शाळा सुटेपर्यंत, खोळीतच. म्हणून तर खिडकी केली होती. आणि पाटी बिघडली की खोळ घडी करून खणात आणि यंत्र दादाकडे. त्याला दिसणार कुठून? ते चौथं पान बाईंच्या कुलपात होतं. तुझ्या पहिल्या पत्रात होतं, पण ते मी गंमत म्हणून वाचलं आणि विसरले.

तू घातलेली खोळ बंद यंत्रासाठी होती. कापली मी. पत्रिकेत पाठवली मी. तुझं नाव घातलं तेही मी, मोठ्या हौसेनं.

दादाला लिहिलं की मी साहेबांकडे येते, सांगते माझं चुकलं. त्याचं उत्तर आलं. खाचा झाकल्या असतील तर हमी रद्द, असं खात्याच्या करारात आहे. हे बाहेर आलं तर दोनशे बारा शाळांना एकही पाटी बदलून मिळणार नाही, आणि त्यांनी तर आपल्याच पत्रिकेत बघून शिवली. म्हणून दोष आकृतीतला म्हणायचा. तो भाग कमी ताकदीचा निवडला, असं लिहून द्यायचं. शाळांना फक्त गुपचूप कळवायचं की चालू यंत्रावर काही घालू नका. पुढे लिहिलं होतं, ‘ती मला कात्रण दाखवत होती आणि मी न बघता वा म्हटलं. तेव्हा मान वर केली असती तर तिथेच दिसलं असतं. हिला कळू देऊ नको. तिनं ते कपाटाच्या दाराला लावलंय.’

म्हणून चार ओळी लिहिल्या. पाचवी लिहिली असती तर सगळंच लिहिलं गेलं असतं.

मी काल आजूबाजूच्या तीन शाळांत सायकलनं जाऊन आले. दोन ठिकाणी नवीन खोळी तयार होत्या, कापसाच्या, नाड्या बांधलेल्या. एका ठिकाणच्या सरांनी मला पत्र दाखवलं आणि म्हणाले, “आम्ही याचा अर्थ असा लावला की जुनी काढा आणि ही नवीन घाला.” तीन शाळा झाल्या. उरलेल्या दोनशेंवर शाळा माझ्या सायकलच्या बाहेर आहेत.

तू मला काहीही बोल. पण बोल.

तुझी नणंद


॥ श्री ॥

७ ऑक्टोबर १९८४

वन्सं,

सहा महिने लिहिलं नाही ते रागानं नाही. तुमच्यावर मी कशाला रागवू? ती खिडकी बघून हुशार आहात असं मीच लिहिलं होतं.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बॅगेला हात लावला. शाळांना लिहिलेल्या पत्राची एक प्रत होती. वाचली. सात ओळी. ‘यंत्र चालू असताना त्यावर कोणतेही आवरण ठेवू नये, खोळही नाही. खोळ सुबक आहे, तिच्यात काही दोष नाही. यंत्र बंद करून गार झाल्यावर ती जरूर घालावी.’ एवढंच. मी कपाटापाशी गेले, पान सोडवायला. खळ इतकी चांगली लावली होती की निघेना. अर्धं निघालं, अर्धं आहे.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी पाणी दिलं आणि म्हटलं, “अहो, मी प्रत्येक पाकिटात नमुना घातला.”

त्यांना आधी कळेचना. “कसला नमुना?”

“खोळीचा. कापसाची.”

मग विचारलं, “किती?”

“दोनशे अकरा. एक कार्बन फाटला.”

वन्सं, ते हसले. इतके हसले की पेला लवंडला. मलाही हसू फुटलं, काय करणार? मग त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून पुसत बसले. मी फडकं घेऊन सांडलेलं पाणी टिपत राहिले, टिपून झाल्यावरसुद्धा.

ते एक पाकीट कुठल्या शाळेला गेलं ते मला माहीत नाही. सगळं वहीत टिपणारी मी, तेवढी खूण केली नाही. रोज जपाच्या वेळी ती शाळा मनात येते. तिचं नाव नाही, म्हणून नुसतं ‘ती’ म्हणते.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. त्यांनी आकृती चुकली असं लिहून सही केली. खात्यानं एप्रिलमध्ये ऑर्डर मोडली. हमीसाठी सही केली आणि हमी द्यायला कारखानाच उरला नाही. जूनमध्ये कुलूप लागलं. मोठ्या पाटीच्या आकृत्या हे गुंडाळीत घेऊन आले, त्या माळ्यावर आहेत. सध्या बाजारातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसतात. दुकानदार भला आहे, यांना ‘सर’ म्हणतो. परवा मोठे साहेब स्वतःचा टीव्ही घेऊन आले. यांनी दुरुस्त करून दिला. बस.

मी मात्र पुन्हा दोनशे बारा पत्रं लिहिली. एप्रिल ते जुलै, माझ्या अक्षरात, माझ्या नावानं. ‘खोळ माझी आहे, चालू पाटीवर घालू नका, मी पाठवलेला कागद फाडून टाका.’ यांना सांगून लिहिली. ते म्हणाले, “आता काय उपयोग?” मी म्हटलं, “नसू दे.” एकोणीस उत्तरं आली. बहुतेकांच्या पाट्या आधीच अडगळीत गेल्या होत्या. काही ठिकाणी दुसऱ्या देशातली स्वस्त यंत्रं आली आहेत. दोन शाळांनी यांच्या तब्येतीची चौकशी केली. एका शिवणाच्या बाईंनी लिहिलं आहे, ‘आपला कागद फाडवत नाही. पाटी आमच्याकडे राहिली नाही, पण मुलींना सरळ टीप, गोट आणि कोपरा वळवणं एकाच कामात शिकवायला यासारखा नमुना नाही. यंदाही छत्तीस खोळी शिवून झाल्या.’

छत्तीस, वन्सं. मी ते पत्र कुठे ठेवू ते मला कळेना. शेवटी पोथीत ठेवलं.

आमच्या टेबलावरची पाटी अजून चालू आहे. तिची खोळ मी मार्चमध्येच उसवली, तिची फडकी केली. बिनखोळीची पाटी मला बघवत नव्हती आणि खोळीची तर त्याहून नाही. मी रोज हातानं धूळ पुसायची. काल संध्याकाळी यांनी काम थांबवलं, बटण बंद केलं, वायर काढली आणि सवयीनं म्हणाले, “खोळ आण गं.”

मी फडक्यांकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असेल. उठून स्वतःच दोरीवरचा धुतलेला पंचा घेऊन आले आणि पाटीवर टाकायला लागले. मी हात धरला. पाटीच्या पाठीला तळहात लावून पाहिला. अजून कोमट होती.

“थांबा जरा,” मी म्हटलं.

मग ती गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, पंचा मांडीवर घेऊन.

तुमची वहिनी